पास्ता धुतला त्या दिवशी

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो. पीठ चाळायची नव्हे, उकळतं पाणी निथळायची. पांढरं इनॅमलचं अंग, निळा काठ, दोन कान आणि तीन पाय. त्यातला एक पाय वाकडा आहे, पण त्यात माझा काही दोष नव्हता.

कारखान्यात मला पत्र्यातून दाबून काढलं, भोकं पाडली, भट्टीत भाजलं. ते फारसं आठवत नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते इटलीतल्या तेर्मोली गावात, समुद्रापासून तीन गल्ल्या आत, एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात. तिच्या लग्नात मावशीने मला आहेरात दिलं होतं. पहिल्याच दिवशी एर्सिलियाने भलंमोठं पातेलं उचललं आणि सगळं उकळतं पाणी माझ्यात ओतलं. वाफेचा ढग छतापर्यंत गेला. मी भांबावले, पण तिची पापणीही लवली नाही. तेव्हापासून मी त्या बाईकडे आदराने बघत आले आहे.

तिच्या हाताला माप लागत नसे. पाणी उकळलं की जाड मिठाची एक मूठ, बस्स. पाणी समुद्रासारखं खारट हवं, असं ती म्हणे. ते पाणी माझ्यातून जाई तेव्हा मला कळे, रोज तेवढंच मीठ, एक खडा इकडे नाही की तिकडे नाही. पन्नास वर्षं हे असं कोणाला जमतं?

उन्हाळ्यात ती गार पास्ता करायची. पिळाचा पास्ता दोन मिनिटं आधीच उतरवायचा, माझ्यात निथळायचा, ताटात पसरून वर तेल सोडायचं आणि खिडकीशी गार होऊ द्यायचा. मग टोमॅटो, मोझरेला, खारवलेले ऑलिव्ह, मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्या, डब्यातला मासा, शेवटी हाताने तोडलेली तुळस. ऑगस्टच्या मध्यावर फेर्रागोस्तोचा सण येतो. त्या दिवशी सगळं कुटुंब समुद्रावर जेवतं आणि पास्ता एर्सिलियाचाच असतो. धुतलेले पीच घेऊन मीही जाते. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मला वाटलं, एवढं पाणी कोणी निथळायचं?

तिची सून ओर्नेल्ला मिलानची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने पास्ता लवकर गार व्हावा म्हणून मला नळाखाली धरलं. गार पाण्याने तेल धरून ठेवणारा सगळा चिकटा धुऊन गेला. एर्सिलिया दारात उभी होती.

"आमच्याकडे चादरी धुतात गं, पास्ता नाही," ती म्हणाली.

हे वाक्य पुढे बावीस वर्षं चाललं. पाहुणा आला की त्याला ते ऐकवलं जाई. ओर्नेल्ला हसायची, पण मला पुसताना तिचा हात जरा जोरात फिरायचा.

गेल्या हिवाळ्यात एर्सिलियाने दोनदा पातेलं जाळलं. तुरीनला राहणारी तिची मुलगी लोरेदाना फोनवर म्हणाली, "मम्मा, आणखी एकदा असं काही झालं ना, तर मी तुला इकडे घेऊन येणार. चुलीपाशी उभंच राहायचं नाही मग." एर्सिलियाने फोन ठेवला आणि बराच वेळ ओटा पुसत राहिली. तुरीनला समुद्र नाही.

फेर्रागोस्तो आला. पाणी उकळलं, मूठ पडली. तेवढ्यात फोन वाजला. लोरेदाना वाटेत होती, तासाभरात थेट समुद्रावर पोचणार होती. एर्सिलिया बोलून परत आली, पाण्याकडे बघितलं आणि दुसरी मूठ टाकली.

मी खिळ्यावर टांगलेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझ्या जातीचं हे एकच दुःख.

पाणी माझ्यातून गेलं तेव्हा भोकं चरचरली. एर्सिलियाने नेहमीसारखा एक पीळ तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली. मग खुर्चीवर बसली. घरात दुसरा पास्ता नव्हता आणि त्या दिवशी गावातलं एकही दुकान उघडं नसतं.

ओर्नेल्ला बर्फाची पेटी न्यायला आत आली.

"आई, काय झालं?"

"दोनदा घातलं," एर्सिलिया म्हणाली. "मीठ. मी दोनदा घातलं गं."

ओर्नेल्लाने एक पीळ खाऊन पाहिला. मला वाटलं, आता बावीस वर्षांचं उट्टं निघणार. पण तिने मला दोन्ही कानांनी उचललं, नळाखाली धरलं आणि सासूकडे पाहिलं. एर्सिलियाने मान डोलावली. नळ सुटला.

गार पाणी माझ्यातून धो धो वाहत राहिलं. ओर्नेल्ला बोटांनी पास्ता हळूहळू खालीवर करत होती, बाळाला न्हाऊ घालावं तशी. मध्ये चव घ्यायची, पुन्हा धुवायची.

"ऑलिव्ह नकोत, केपरही नकोत," ती म्हणाली. "टोमॅटो दुप्पट घालू. तुम्ही तुळस तोडा, आई. ते मला नाही जमत तुमच्यासारखं."

एर्सिलिया उठली आणि तुळस तोडू लागली.

समुद्रावर छत्रीखाली पानं वाढली गेली. लोरेदानाने पहिला घास घेतला.

"वहिनी, पास्ता धुतलास ना? तेल नुसतं घसरतंय. आणि केपर कुठे गेले?"

सगळे हसले. कोणीतरी चादरींचं वाक्य म्हटलंच.

"हो, मीच धुतला," ओर्नेल्ला म्हणाली. "मिलानची खोड, जात नाही."

मी पीचांच्या ओझ्याखाली एर्सिलियाकडे बघत होते. नुसती गप्प बसली असती तरी तिचं स्वयंपाकघर वाचलं असतं. तिने काटा खाली ठेवला.

"मी धुवायला लावला," ती म्हणाली. "उकाडा केवढा आहे. बावीस वर्षं हिचं बरोबर होतं, मीच ऐकत नव्हते. पुढच्या वर्षीही धुणार, आणि मीठ हिच्याच हातचं. ज्याला नको असेल त्याने पीच खावेत."

लोरेदानाने आणखी पास्ता वाढून घेतला. मी एवढा मोठा समुद्र पाहिला आहे, मित्रांनो, पण त्या दोन बायांपुढे त्या दिवशी तो मला लहान वाटला.

आता माझं इनॅमल टवके उडून काळं पडलं आहे. मला पुसून कोरडी ठेवा, नाहीतर गंज चढेल, एवढं तर मी सांगेनच. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात कोणाच्या हातून मीठ दोनदा पडलं, तर ओरडू नका. त्यांच्याकडे एकदा बघा, आणि नळ सोडा.