मनगटावरचं नातं

माझी थोरली बहीण सिग्रून आता संत होणार म्हणे. राजाची पोर, मठात गेली, महारोग्यांच्या जखमा धुता धुताच मेली. आता तिच्या कबरीवर लंगडे येतात आणि त्यातले काही चालत घरी जातात. मला नवल नाही वाटत. जिवंतपणीही ती कुणाला स्वस्थ बसू देत नसे.

बिशपचा पाद्री तोर्गिल साक्ष घ्यायला आमच्या घरी आला. बिअर प्यायला, खारवलेला मासा खाल्ला, मग मुद्द्यावर आला.

"गुन्वोरबाई, संताचं कूळ स्वच्छ लागतं. तुमच्या आजीबद्दल लोक भलतंसलतं बोलतात. ते खोटं, एवढी शपथ घ्या."

"ते सिग्रूनच बोलली होती, बाबा, क्रुसावर हात ठेवून. ते खोटं, तर तिची शपथ खोटी. अशा बाईला संत कराल?"

"नाही," तो पडेल आवाजात म्हणाला. "कुळाचा डाग एक वेळ चालेल, खोटी शपथ नाही."

झालं होतं ते असं. जार्ल सिग्वाल्द, वडिलांचा बडा सरदार, त्याने सिग्रूनला मागणी घातली. त्याच्या दोन बायका त्याच्या माराने मेलेल्या. ती म्हणाली, मी मठात जाते. तर हा म्हणतो, थोरली नाही तर धाकटी द्या. धाकटी म्हणजे मी. आमचे वडील लगेच तयार. तेव्हा सिग्रूनने भर दरबारात बाही वर सारली आणि आमच्याकडे मोजतात तसं हातावर नातं मोजलं. खांद्यावर भावंडं, म्हणजे आमची थुरीद आजी आणि सिग्वाल्दचा बाप. आजी ही सिग्वाल्दच्या आजोबाची लग्नाबाहेरची लेक, असं ती शपथेवर बोलली. कोपरावर आमची आई आणि सिग्वाल्द. मनगटावर आम्ही दोघी. इतक्या जवळच्या नात्यात चर्च लग्न लावत नाही. मी सुटले, मला भला नवरा मिळाला. वडिलांनी मात्र तिचं तोंड पुन्हा पाहिलं नाही.

आणि खरं तर आजी औरसच होती. आदल्या दिवशी लोणी घुसळताना सिग्रून मला म्हणाली होती, "आजी मेलीये, तिचं काय अडतंय? वर गेले की माफी मागेन."

पाद्र्याने क्रूस पुढे केला. दारात माझी नात ऑसा उभी होती. तिचं शेजारच्या राजाच्या पुतण्याशी ठरलेलं, आणि ती माणसं रक्तात डाग खपवून घेणारी नव्हेत.

"आजी, सांग ना खोटं होतं म्हणून," ती म्हणाली. "तुझं काय जातंय?"

या पोरीला मी मांडीवर वाढवलंय. तरी क्रुसावर हात ठेवला.

"सिग्रून खरं बोलली. आमची आजी लग्नाबाहेरचीच."

सोयरीक त्याच आठवड्यात मोडली. ऑसा माझ्याशी बोलत नाही. सिग्रूनच्या कबरीवर मात्र रोज जाते आणि माझ्या नावाने गाऱ्हाणं घालते. घालू दे. कुणासाठी काय करावं लागतं, ते सिग्रूनला ठाऊक आहे. ती समजावेल तिला.