पाचवं वाक्य

खो-खोचा खांब जमिनीपासून एकशेवीस सेंटिमीटर उंच असतो. शाळेच्या मैदानातल्या पूर्वेकडच्या खांबावर, मधल्या उंचीच्या जरा वर, साधारण अर्ध्या वितीचा एक पट्टा बाकीच्या लाकडापेक्षा गडद आणि गुळगुळीत झालेला होता. मुली धावत येतात आणि खांबाला हात घालून वळतात, तो हात तिथे पडतो. नाजिमा कॉलेजात असताना खेळायची तिथल्या खांबावर हा पट्टा चार बोटं वर होता, कारण तिथे हात मोठ्या मुलींचे होते. एप्रिलपासून या पट्ट्याला कुणी हात लावलेला नव्हता. आता त्याच्यावरही बाकीच्या खांबाइतकीच धूळ बसली होती.

जूनचा तिसरा आठवडा होता. शाळा उघडली होती, पण खो-खो बंद होता. मुख्याध्यापिकांनी अकराला बोलावलं होतं आणि नाजिमा कर्वेनगरातल्या आपल्या कॉलेजातून रजा टाकून साडेदहालाच येऊन मैदानाच्या कडेला उभी होती. तिच्या पर्समध्ये, मुख्याध्यापिकांनी प्रशिक्षक म्हणून सहीसाठी दिलेला, चार घड्या घातलेला एक कागद होता. तो बारा दिवस तिथेच होता. त्याचं काय करायचं हे तिने दुसऱ्याच दिवशी ठरवलं होतं. फक्त अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

कागदावर पाच वाक्यं होती. सरावाची तारीख आणि वेळ. मैदानावर पिण्याच्या पाण्याची सोय असल्याचं. प्रथमोपचार तत्काळ केल्याचं. विद्यार्थिनीला अकरा मिनिटांत रुग्णालयात नेल्याचं. आणि पाचवं: ‘सदर विद्यार्थिनीने आपल्या उपवासाबाबत प्रशिक्षकांना कोणतीही कल्पना दिली नव्हती.’ नाजिमा बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होती. मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना निरीक्षण कुठलं आणि मनाने लिहिलेलं कुठलं, हे तिला अक्षरावरूनही कळायचं. या कागदाची पाचही वाक्यं तिने तशीच तपासली होती. पाचही खरी होती.

विद्यार्थिनीचं नाव मिसबा. नववीतून दहावीत गेलेली, बारीक चणीची, वळताना खांबाला नुसती बोटं टेकवणारी. सतरा एप्रिलला संध्याकाळच्या सरावात ती धावता धावता दोन खांबांमधल्या पाटीवरच बसली. मुलींना वाटलं, पायात गोळा आला. कुणीतरी हसलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला आणि मग शिक्षण खात्याची चौकशी लागली.

मुख्याध्यापिका म्हणजे श्यामला. शाळेत सगळे तिला बाई म्हणत, नाजिमा श्यामे म्हणायची. दोघी एका कॉलेजच्या संघातल्या. श्यामला कर्णधार होती, सदाशिव पेठेतली. तिची मायासुद्धा टोमण्यातूनच बाहेर यायची. नाजिमा भवानी पेठेतल्या अय्युब टेलरची मुलगी. गुडघ्यापर्यंतची पँट घालून मैदानावर धावते म्हणून अब्बांनी दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल आली ती रमजानात. नाजिमाने रोजा ठेवला आणि खेळायलाही उतरली. पहिला डाव झाला तेव्हा तिच्या कानात शिटी वाजत होती आणि मैदान एका बाजूला कललेलं दिसत होतं. मध्यंतरात श्यामलाने मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. नाजिमा घेईना.

“मरायचं तर ढाल घेतल्यावर मर,” श्यामला म्हणाली. “आत्ता मला बदली खेळाडू नाही.”

मुलींनी सतरंजी आडवी धरली, जणू आत कुणी पट्टी बांधतंय. नाजिमाने पेला संपवला, वर आणखी अर्धा मागितला. दुसऱ्या डावात ती दोन मिनिटं पन्नास सेकंद बाद झाली नाही आणि ढाल त्यांना मिळाली. जानेवारीत तिने त्या मोडलेल्या रोजाच्या बदल्यात एक रोजा ठेवला, आणि तिच्या लेखी तो विषय तिथे मिटला.

पण खेळाच्या सरांना सतरंजीच्या आतलं ठाऊक नव्हतं. त्यांनी वार्ताहराला सांगितलं, की आमची एक मुलगी पाण्याचा थेंब न घेता खेळली. बातमी आली. अब्बांनी ती कापली, चौकटीत बसवली आणि मशीनच्या वरच्या भिंतीवर टांगली. मापं घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते चौकट दाखवत. तिच्याशीही बोलू लागले. पेल्याचं सांगायचं तर अब्बांच्या तोंडावर सांगावं लागणार होतं. आज सांगू, ईद झाली की सांगू, असं करता करता अब्बा गेले.

पुढे श्यामला मुलींच्या या शाळेत आली, मुख्याध्यापिका झाली, आणि तिने जुन्या संघातल्या बायकांना गोळा करून माजी खेळाडूंचं मंडळ काढलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींना फुकट शिकवायचं. शाळेत निम्म्या मुली आसपासच्या मोहल्ल्यांतल्या होत्या आणि त्यांच्या घरून नकार यायचा. तेव्हा श्यामला नाजिमाला घेऊन घरोघर जायची आणि बसल्या बसल्या ती गोष्ट सांगायची. रोजा ठेवून फायनल. घोटभर पाणी नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायका नाजिमाकडे नव्याने बघायच्या. चहाचे कप यायचे, मुलीला हाक मारली जायची. आठ वर्षांत एकोणचाळीस मुली मैदानावर आल्या. त्यातल्या दोघी राज्य संघापर्यंत गेल्या, एक पोलिसात लागली. पहिल्या वेळी गोष्ट ऐकताना नाजिमाने श्यामलाकडे पाहिलं होतं. श्यामलाने नजर चुकवली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, “आली ना मुलगी?” त्यानंतर नाजिमा खाली बघून बसायला शिकली. काही वर्षांनी तर गोष्ट ती स्वतःच सांगू लागली. सांगताना महिना मात्र सांगायचा राहून जायचा. तेव्हा डिसेंबर होता आणि दुपारी सत्तावीस अंश तापमान होतं.

एप्रिलात जिल्हा निवडीसाठी सराव सुरू झाला. चौदा तारखेला, शुक्रवारी, सरबताचे पेले फिरत असताना मिसबा नळावर गेली. तिने तोंडात पाणी घेतलं, खळखळून थुंकलं, ओले हात मानेवरून फिरवले आणि परत येऊन ओळीत बसली. पेला तिने पुढच्या मुलीकडे सरकवला. नाजिमाने हे पाहिलं. ते एकोणचाळीस अंशांचे दिवस होते. नाजिमाला रसायनशास्त्र येत होतं, घामाबरोबर काय जातं आणि ते भरून निघालं नाही तर काय होतं हे ती दरवर्षी फळ्यावर लिहीत होती. त्या क्षणी तिला त्यातलं काही आठवलं नाही. तिला बरं वाटलं. आपल्यासारखी निघाली पोरगी, असं वाटलं. जाता जाता तिने मिसबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि शाब्बास म्हणाली. सोमवारी पहिल्या तुकडीत तिलाच धावायला उतरवलं.

अकरा वाजले तशी नाजिमा आत गेली. श्यामलाने तिला खुर्ची दाखवली, चहा सांगितला आणि कागद आणलास का विचारलं. नाजिमाने तो टेबलावर ठेवला. सहीची जागा अजून कोरीच होती. श्यामलाने हळू आवाजात सगळं पुन्हा सांगितलं. चौकशी अधिकारी परवा येणार आहेत. संस्थेचे कार्यवाह मैदानाला कुलूप लावायच्या गोष्टी करतायत. तसं झालं तर या मुली संध्याकाळी घराबाहेर पडण्याचं एकमेव निमित्त जाईल, आणि एकदा गेलेलं निमित्त या घरांमधून परत मिळत नाही. हे सगळं नाजिमाला पटत होतं. श्यामला स्वतःसाठी बोलत नव्हती, निदान फक्त स्वतःसाठी नाही. दोन महिन्यांत तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते आणि तिने ते रंगवले नव्हते.

“त्यात खोटं काय आहे ते दाखव,” श्यामला म्हणाली. “तू सायन्सवाली. बोट ठेवून दाखव.”

“खोटं काही नाही.”

“मग? अक्षर आवडलं नाही?”

नाजिमा उत्तर देणार तेवढ्यात शिपाई आला. त्याच्या मागून अख्तरबानू आल्या, मिसबाची आई. त्यांनाही आजच बोलावल्याचं श्यामलाने नाजिमाला सांगितलं नव्हतं. पालकांनीही त्याच कागदावर खाली सही करायची होती, की मजकूर वाचला, तक्रार नाही. अख्तरबानू घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. बुरख्याच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला होता. नाजिमाशी रस्त्यात भेटल्या तर त्या घरच्या बोलीत बोलायच्या, शाळेत आल्या की मराठीत.

श्यामलाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, तब्येत विचारली. अख्तरबानू थोडक्यात बोलल्या. मिसबाचे वडील टेम्पोवर गेलेत, त्यांच्याने इथे येववत नाही. सासूबाई बोलत नाहीत. मोहल्ल्यात सगळे एकच विचारतात, एवढ्या उन्हात खेळणाऱ्या पोरीला पहाटे सहरीला उठवलंस कशाला. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नंतर भरून काढता येतो रोजा, मी तिला म्हटलं होतं, निवड होऊ दे मग ठेव, असंही त्या म्हणाल्या. पण मिसबाने नाजिमा मॅडमचं नाव घेतलं, आणि त्या नावापुढे आपलं काही चाललं नाही.

श्यामलाने कागद त्यांच्यापुढे सरकवला. अख्तरबानूंनी तो हातात घेतला, लांब धरला, परत जवळ आणला.

“चष्मा राहिला घरी,” त्या म्हणाल्या. “मॅडम, तुम्हीच वाचा ना. तुम्ही वाचलं की झालं.”

नाजिमाने वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, पाणी, प्रथमोपचार, अकरा मिनिटं. वर्गात वाचायची तशी, एका सुरात. पाचव्या वाक्याशी ती थांबली नाही. थांबली असती तर पुढे वाचता आलं नसतं हे तिला माहीत होतं, म्हणून ती त्याच वेगात त्याच्या शेवटापर्यंत गेली.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मधल्या सुट्टीला अवकाश होता, त्यामुळे बाहेर कुणी नव्हतं.

“म्हणजे तिने तुम्हाला सांगितलंच नव्हतं,” अख्तरबानू म्हणाल्या.

श्यामला म्हणाली, की मुली असं लपवतात, त्या वयात लपवतात.

“मला म्हणाली होती, मॅडमना माहीत आहे.” अख्तरबानू नाजिमाकडे बघत होत्या, पण नजरेत प्रश्न नव्हता. त्या फक्त आठवत होत्या. “शुक्रवारी इफ्तारीला बसलो तेव्हा म्हणाली. मॅडमनी बघितलं, शाब्बास म्हणाल्या, खांद्यावर हात ठेवला. दोनदा सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. तेच ऐकून सोमवारी उठवलं मी तिला. म्हटलं, मॅडमना माहीत आहे तर त्या बघतील.” त्यांनी बाहीवरचा निळा दोरा काढला आणि बोटांत गुंडाळला. “म्हणजे खोटं सांगितलं मला. जाऊ दे. पोर होती.”

त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. श्यामलाने पेन उघडून दिलं.

नाजिमाने कागदावर आपला पंजा पालथा ठेवला. सहीची जागा त्याखाली झाकली गेली.

“नाजू,” श्यामला म्हणाली. ती फार हळू म्हणाली, मैदानावर बाद होण्याआधी सावध करायची तशी.

“ती खोटं बोलली नाही,” नाजिमा म्हणाली. “तिने मला सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच नव्हती. मी शुक्रवारी बघितलं, तिने चूळ भरली आणि थुंकली. मला कळलं. मी शाब्बास म्हणाले. सोमवारी मीच तिला पहिल्या तुकडीत उतरवलं.”

अख्तरबानूंच्या हातातलं पेन कागदाच्या वर थांबलं होतं. नाजिमाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघता येत नव्हतं, तरी ती बघत राहिली.

“आणि ती जी गोष्ट ऐकून तुम्ही गप्प बसलात ना, अख्तरबानू, ती खरी नाही. त्या फायनलला मला चक्कर आली होती आणि मध्यंतरात मी पाणी प्यायले. पेला भरून प्यायले, वर अर्धा मागून घेतला. ते कुणाला सांगितलं नाही. अब्बांना नाही, तुम्हाला नाही, मिसबाला नाही.”

श्यामला खिडकीकडे वळली. तिने अडवलं नाही, आणि आपणच तो पेला दिला होता हेही बोलली नाही. अख्तरबानूंनी पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळत जाऊन फायलीला अडलं. मग त्यांनी विचारलं, शांतपणे, फॉलचा रंग विचारावा तसं, की मग आता काय करणार मॅडम.

“मी या कागदावर सही करणार नाही,” नाजिमा म्हणाली. “परवा चौकशीला मी येणार आहे, आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं माझ्या हाताने लिहून देणार आहे.”