काकू गं

साकोलीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात नियम असा, की खाटेजवळ एकच माणूस थांबणार. त्या एका जागेवर शालू बसली होती आणि बाहेरच्या बाकावर रेणूच्या अंगाचा तिळपापड होत होता.

निमोनियाने तापलेली चार वर्षांची मोनू रेणूच्या पोटची. शालू ही मोठी जाऊ. शालूची दोन्ही पोरं रेणूला ‘काकू’ म्हणत, ते ऐकून मोनूही आपल्या आईला काकूच म्हणायला शिकली. शालू मात्र ‘मोठी आई’. तेव्हा घरभर हसणं झालं, रेणूही हसली. रोवणीच्या दिवसांत रेणू धानाच्या बांधीत, चिखलात रोपं लावत आणि पोर शालूच्या कडेवर, मग दुसरं काय होणार?

भरती करताना मोनूने ‘मोठी आई’ म्हणून भोकाड पसरलं. नर्सबाईंनी त्यातलं ‘आई’ तेवढं ऐकलं आणि रेणूला म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेर बसा."

शालूनं तरी सांगायचं ना? पण नाही, बसली बया पोरीचे पाय चेपत. घरी दोन असून हिचं मन भरत नाही! दाराच्या काचेतून दिसत होतं, शालू फुंकर घालून पेज भरवते आणि मोनू मुकाट्यानं खाते. पोरीनं ती पेज थुंकून टाकावी असं रेणूच्या मनात आलं, अन् तिची तिलाच लाज वाटली. जळणं मात्र थांबलं नाही.

दुपारी मोनूचा हात सुजला, सलाईनची सुई दुसऱ्या हाताला लावायची ठरली. शालू डोळे पुसत बाहेर आली.

"मले नाही पाहावत, रेणू. तू जाय."

"आता आठवली काय मी?" रेणू म्हणाली खरी, पण तोवर ती दारात पोचली होती.

नर्सबाईंनी अडवलं. "काकू, आईला पाठवा."

"मीच आई हावो तिची."

नर्सबाई मोनूकडे वळल्या. "बाळा, आई कुठे आहे?"

"मोठी आई बाहेर गेली," मोनू मुसमुसत म्हणाली.

रेणू तशीच खाटेजवळ गेली. भांडायला वेळ नव्हता. "बरं, हात घट्ट धरा," नर्सबाई म्हणाल्या. तिनं धरला.

सुई टोचली तशी मोनू कळवळली, "काकू गं... काकू गं..."

नर्सबाईंनी चिकटपट्टी लावली, रेणूकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा आई," त्या म्हणाल्या.