लाल दोरीचा चमचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चमचा आहे. लांब दांड्याचा, चपट्या तोंडाचा, ढवळायचा चमचा. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी तसलं काही म्हणणार नाही. मला जेवढं जपलं तेवढं एखाद्या चमच्याला कुणी जपलं नसेल, आणि त्याचं पुढे काय झालं तेच सांगायला बसलोय. चमच्याला कसली आलीय गोष्ट, असं ज्याला वाटत असेल त्यानं खुशाल उठून जावं.

मला बिट्टीच्या बाबांनी घडवलं. ते सुतार. पुढे दुकान, मागे घर. बिट्टी दहा महिन्यांची असताना तिला कुणीतरी दुधात भिजवलेलं बिस्किट भरवलं. घास पोटात जातो न जातो तोच पोरीचे ओठ सुजले, अंग लाल झालं, श्वास अडकला. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचली. डॉक्टरीण बाईंनी तपासण्या करून सांगितलं, "दूध म्हणजे हिच्यासाठी विष समजा. दूध, लोणी, चीज, काही नाही. थेंबभरसुद्धा नाही. आणि गहूही नाही."

त्या आठवड्यात घरातली सगळी भांडी बदलली. लाकूड तर ओलावा पिऊन बसतं, म्हणून जुने चमचे, लाटणं, पोळपाट, सगळं घराबाहेर गेलं. बाबांनी एका मोडक्या टेबलाच्या पायातून मला कोरून काढलं. बारीक कागदानं इतकं घासलं की आईनं गालावर फिरवून पाहिलं. दांड्याच्या टोकाला भोक पाडून लाल दोरी ओवली. या घरात लाल दोरी म्हणजे बिट्टीचं. पातेली, चाळणी, कात्री, पुसायचं फडकं, सगळ्याला लाल दोरी. दाराच्या आत दूध नाही, गहू नाही. आणि लेबल वाचल्याशिवाय एकही डबा फळीवर चढायचा नाही. आई मोठ्यानं वाचायची, बाबा ऐकायचे, मग बाबा वाचायचे आणि आई ऐकायची. मीठसुद्धा त्यातून सुटलं नाही.

माझं खरं काम सुरू झालं ते चॉकलेटपासून. बिट्टी पाच वर्षांची असताना शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला गेली आणि तासभर हातात उकडलेल्या बटाट्याचा डबा धरून बसली. बाकीची पोरं चॉकलेट केक खात होती. घरी आल्यावर रडली नाही, एवढंच विचारलं, "आई, चॉकलेट कसं लागतं गं?"

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "माझी पोर दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसणार नाही. काय वाटेल ते होऊ दे."

काय वाटेल ते झालं! पहिल्या खेपेला चॉकलेटमध्ये पाण्याचा शिंतोडा पडला आणि सगळं वाळूसारखं फुटलं. दुसऱ्या खेपेला इतकं कडू झालं की बाबा म्हणाले, "छान आहे, पण मी जरा पाणी पिऊन येतो." मग हळूहळू हात बसला. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवायचं, त्यात कोको बटर वितळू द्यायचं, कोकोची पूड चाळून घालायची, नारळाचं दूध, भिजवून वाटलेला खजूर. ढवळायचं मात्र न थांबता, एकाच दिशेनं, तळ खरवडत. ते काम माझं. बदामाच्या पिठाच्या ब्राउनी, तांदळाच्या लाह्यांचे चौकोन, चॉकलेटात बुडवलेल्या संत्र्याच्या साली. शाळेतल्या बाईंनी एकदा एक चौकोन खाल्ला आणि विचारलं, "यात दूध नाही? खरंच नाही?" बिट्टी त्या दिवशी दोन बोटं उंच झाल्यासारखी घरी आली. आता बाकीची पोरं तिच्या डब्याभोवती घोटाळायची.

आणि मला चाटायचा मान तिचा. मिश्रण ताटात ओतलं की आई मला तिच्या हाती द्यायची. तोंड, पाठ, मान, दांड्याचा वरचा भाग, सगळं चाटून साफ. "चमचा धुवायची गरजच नाही," असं मावशी म्हणायची.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. टपाल कचेरीत शिक्के मारायचं काम. बोलायला लागली की आवरायची नाही, पण बिट्टीच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून वागायची. आल्या आल्या अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायची, चूळ भरायची, मग आत. "ऑपरेशनला निघाल्यासारखी दिसते मी," असं म्हणायची आणि ओल्या हातानं बिट्टीचं नाक ओढायची.

बिट्टी आठ वर्षांची असताना मी मोडलो. आईच्या हातून फरशीवर पडलो आणि मानेपासून उभा चिरलो. आई म्हणाली, "जाऊ द्या, दुसरा करा."

बाबांना ते पटेना. "हिच्यासाठी केलेली पहिली वस्तू आहे ही. मी जोडतो ना. जोडलेला कळणारही नाही."

त्यांनी मला दुकानात नेलं. बाटलीतला पांढरा गोंद हातात घेतला आणि ठेवून दिला. उकळत्या वाफेवर तो टिकायचा नाही, असं स्वतःशीच पुटपुटले. मग फळीच्या मागून पत्र्याचा एक डबा काढला. त्यांच्या उस्तादांनी दिलेला, वरचा कागद केव्हाच फाटून गेलेला. आत पिवळट पूड. पाण्यात कालवली की तिचा सरस व्हायचा, आणि त्या सरसानं जोडलेल्या खुर्च्या दोन पिढ्या वापरात होत्या. माझ्यासाठी त्यांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं ते काढलं, मित्रांनो. चिरेत सरस भरला, दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवलं, पुन्हा घासलं, तेल पाजलं, दोरी नवी घातली. मला एक आंबूस वास आला होता. पण तो कशाचा ते मला कुठून कळणार? या घरात ते कधी आलंच नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मावशी आली होती. आई ब्राउनी करत होती, बिट्टी ओट्यापाशी स्टुलावर उभी. आईला ताटात कागद अंथरायचा होता, म्हणून मावशी म्हणाली, "दे इकडे, मी ढवळते. तुझा हात गळून गेला असेल." दोन मिनिटं मी मावशीच्या हातात होतो. मिश्रण कढत होतं. माझ्या मानेतला सांधा मऊ पडतोय, त्यातून काहीतरी सुटतंय, हे मला कळत होतं. पण मला तोंड असलं तरी ते बोलायचं नव्हे.

मिश्रण ओतलं. बिट्टीनं मला घेतलं आणि नेहमीसारखं मानेपर्यंत चाटून काढलं.

"आई, आज जिभेला टोचतंय," ती म्हणाली. मग खोकली. मग बोललीच नाही.

अशा वेळेसाठीच खणात ठेवलेलं इंजेक्शन आईनं तिच्या मांडीत टोचलं, दुसरंही टोचलं. बाबा दुकानातून धावत आले. रुग्णवाहिका अकरा मिनिटांत आली. मी फरशीवर पडून होतो. तिन्हीसांजेला आई घरी आली ती बिट्टीचे बूट हातात घेऊन. ओट्यापाशी आली, मला उचललं, छातीशी धरलं आणि जी ओरडली, ते मला सांगता येत नाही.

तपासणीवाले कोको, खजूर, बदामाचं पीठ, सगळं घेऊन गेले. डब्यांत काही निघालं नाही. ताटातल्या मिश्रणात मात्र दुधाचा अंश निघाला. म्हणजे ते घरातच कुठूनतरी आलं होतं. माझ्यावर कुणाची नजर गेली नाही. माझी दोरी लाल होती.

आईनं बहिणीला समोर बसवलं. "तू येताना काय खाल्लंस?"

"काही नाही गं."

"काय प्यायलीस?"

मावशी खोटं बोलणारी बाई नव्हती. "चहा. सकाळी कचेरीत, शिक्के मारायचे राहिले होते म्हणून गेले होते तेव्हा. पण हात धुतले होते. चूळ भरली होती. तुझ्यादेखत, कोपरापर्यंत…"

"दुधाचा?"

मावशीनं हो म्हणून मान हलवली.

"ऊठ," आई म्हणाली. "आणि या दाराची पायरी पुन्हा चढू नकोस."

बाबा भिंतीला टेकून उभे होते. तेव्हा त्यांनाही तसंच वाटत होतं.

त्या दिवसापासून आईनं चॉकलेट केलं नाही. घरात दूध येऊ शकलं असतं, पण तेही तिनं येऊ दिलं नाही. मला मात्र तिनं काचेच्या कपाटात ठेवलं, बिट्टीच्या फोटोशेजारी. "तिच्या ओठांना लागलेली शेवटची वस्तू," असं म्हणायची. दर महिन्याला बाहेर काढून तेल लावायची, फडक्यानं पुसायची, कधी कपाळाला लावायची. मी गप्प पडून राहायचो. माझ्याइतका लाड त्या घरात दुसऱ्या कशाचाच होत नव्हता, आणि मला तो नको होता.

मावशीची पत्रं यायची. बिट्टीच्या वाढदिवसाला एक, ती गेली त्या तारखेला एक. आई न फोडता परत पाठवायची.

तिसऱ्या वर्षी एक दिवस बाबा भर दुपारी दुकानातून घरी आले. आई बाहेर गेली होती. त्यांनी कपाट उघडलं, मला हातात घेतलं, मानेच्या सांध्यावरून नख फिरवलं. मग मला नाकाशी धरलं. मला ठेवलं, आणि कितीतरी वेळ नळाखाली हात धुत उभे राहिले. त्यानंतर चार महिने ते कपाटाकडे पाठ करून जेवायला बसायचे. आईनं मला तेल लावायला काढलं की काहीतरी निमित्त काढून उठून जायचे.

मग पुन्हा मावशीचं पत्र आलं. आई घरी नव्हती, पत्र बाबांच्या हाती पडलं. त्यांनी ते फोडलं. आई आली तेव्हा ते टेबलापाशी बसले होते आणि त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. ती नको नको म्हणत असतानाही वाचलं.

"तुझंच खरं असेल. मी नीट चूळ भरली का, हे मी रोज आठवून बघते. आता मलाही वाटायला लागलंय की भरली नव्हती. मीच मारलं असेन आपल्या बिट्टीला."

"मग?" आई म्हणाली. "आता कबूल करतेय."

"तिनं नाही मारलं." बाबांनी कपाटाकडे बोट केलं. "मी जोडला होता तो. ज्या सरसानं जोडला, त्याचा नवीन डबा आणला मी. सवयीनं लेबल वाचलं. दुधापासून करतात तो सरस. दूध नासवून, त्याचा चोथा वाळवून. मी… खायच्या डब्यांचीच लेबलं वाचायची, एवढंच मला ठाऊक होतं."

आई उभीच होती. "कधी वाचलंत?"

"चार महिने झाले."

"चार महिने." तिचा आवाज चढला नाही. "चार महिने मी हे कपाळाला लावत होते, आणि तुम्ही बघत होतात. आणि माझी ताई तिकडे चूळ आठवत होती."

आईनं फोन उचलला. पलीकडून आवाज आला तशी ती एकदम म्हणाली, "ताई, चहा नव्हता गं. चहा नव्हता. ताई, ऐकतेस ना? चहा नव्हता."

मावशी दुसऱ्या दिवशी आली. केस पार पिकलेले. अंगणात थबकली, आणि सवयीनं नळाकडे वळून बाह्या सरकवल्या. एक हात धुतला, दुसरा घासत होती, घासतच राहिली. आई बाहेर आली, तिनं नळ बंद केला आणि ते ओले हात आपल्या तोंडावर धरले. दोघी तिथंच चिखलात बसल्या.

मावशी बाबांशी अजून बोलत नाही. आई बोलते, कामापुरतं.

बाबा मला चुलीत घालायला निघाले होते. आई म्हणाली, "जाळू नका. दुकानात टांगा. तुमच्या डोळ्यांसमोर असू दे, आणि येणाऱ्याच्याही." तेव्हापासून मी सरसाच्या डब्यांवरच्या खिळ्याला लटकतोय. कुणी तान्ह्या बाळाचा पाळणा, कुणी पोळपाट, कुणी खेळण्यातला घोडा दुरुस्तीला आणतं. बाबा आधी विचारतात, "घरात कुणाला काही चालत नाही असं आहे का?" लोक हसतात. मग त्यांची नजर माझ्याकडे जाते, आणि हसणं थांबतं.

मित्रांनो, मोडकी वस्तू जोडा, नको म्हणत नाही. पण जोडताना काय लावताय ते आधी वाचा. आणि कळलं की त्याच दिवशी सांगा, चार महिन्यांनी नाही. ज्या घरात मिठाच्या डब्यावरचं लेबलही दोनदा वाचलं जायचं, त्या घरात माझ्यावर लेबल नव्हतं. आता आहे. माझ्या लाल दोरीला पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलाय, आणि त्यावर बाबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय: यात दूध आहे.