मध्ये बोलायचं नाही

बसस्थानकावर गाड्या पुकारणारी बाई म्हणून तिचा आवाज अख्ख्या गावाच्या ओळखीचा होता. आणि तिच्याच पोटी बोलताना अडखळणारी लेक यावी, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा. पोरीची जीभ अडली की आई शब्द घेऊन हजर. दुकानात, शाळेत, डॉक्टरांपुढे. कॉलेजच्या मुलाखतीत तर एका प्रश्नाचं उत्तर तिनं दाराबाहेरून दिलं होतं.

आता लेक परदेशातल्या जुन्या, दगडी कमानींच्या विद्यापीठात होती. नद्यांच्या गाळावरच्या तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा भरल्या सभागृहात व्हायची होती. तिनं आईला बोलावलं, पण एका अटीवर.

"मध्ये बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू? मला काय त्यातलं कळतंय?"

"आई."

"बरं बाई, शिवले ओठ."

ते ओठ आदल्या दिवशी बेकरीतच उसवले. लेक पावाचं नाव उच्चारेपर्यंत आईनं बोटानं दाखवून तो पिशवीत भरूनही घेतला. माळ्यावरच्या खोलीत, तिरक्या छताखाली दोघींनी तो वाटून खाल्ला.

"उद्या मी अडले तर अडू दे," लेक शेवटी म्हणाली. "तू शब्द पुरवलास, तर पदवी मिळूनही ती मला माझी वाटणार नाही."

आईला हे लागलं. तिनं नुसती मान हलवली.

सकाळी ती शेवटच्या बाकावर बसली. भिंतीवर दाढीवाल्या विद्वानांच्या तसबिरी, समोर तीन परीक्षक. सुरुवात छान झाली. मग एका प्रश्नावर लेक उत्तर द्यायला गेली आणि नेमक्या मोक्याच्या शब्दावर अडली.

तो शब्द आईनं फोनवर इतक्यांदा ऐकला होता, की झोपेतही म्हटला असता. तो तिच्या ओठांवर आला. तिनं बाकाची कड घट्ट धरली आणि जीभ चावली.

मुख्य परीक्षक भला माणूस होता. त्याला राहवलं नाही, त्यानं एक शब्द सुचवला. चुकीचा.

आता ही मान डोलावणार, आईला वाटलं. घरी ती नेहमी डोलावायची. आपणही किती वेळा भलताच शब्द तिच्या तोंडी घातला असेल, आणि वाद नको म्हणून पोरीनं तो गिळला असेल, हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं.

लेकीनं हात वर केला. "तो नाही. थांबा, मी सांगते."

तिनं श्वास घेतला. शब्द आला, सावकाश, पण सबंध. त्याच्यामागून सगळं उत्तर धो धो आलं. पुढेही ती अडली, पण आता तिन्ही परीक्षक हाताची घडी घालून थांबायला शिकले होते.

शेजारच्या खोलीत खल करून ते परतले, तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मुख्य परीक्षकानं तिला "डॉक्टर" म्हणून हाक मारली आणि टाळ्यांनी सभागृह दणाणलं. आईच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. त्यावर काही बंदी नव्हती.

गर्दीतून वाट काढत तो परीक्षक लेकीसोबत आईपाशी आला. "कसं वाटतंय तुम्हाला?" त्यानं सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं.

आईनं तोंड उघडलं. पेंगणाऱ्या प्रवाशांना पळवत गाडीत बसवणारा तो आवाज फुटेचना. ओठ नुसते हलत राहिले. भला माणूस पुन्हा मदतीला सरसावला.

लेकीनं हलकेच त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "आई बोलतेय."