गाडी विचार करतेय

ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाने क्षणभर दम खाल्ला आणि मग झटका देऊन उचल घेतली, की बाबा म्हणायचे, “विचार करतेय.” आमच्या गॅरेजमध्ये या दुखण्याला दुसरं नाव नव्हतं. जुनी गिऱ्हाइकंही फोनवर तोच शब्द वापरायची.

या वेळी विचार करत होती ती बाबांची स्वतःची गाडी. छोटी, जुनी. सहा वर्षं खपून त्यांनी तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. थ्रॉटल तिसऱ्याच गाडीचा, कॉम्प्युटर वेगळाच. चढणीच्या शर्यतीसाठी तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून दिल्या. यंदा अर्जात चालक म्हणून पहिल्यांदा त्यांचं नाव होतं. वय एकसष्ट. शर्यतीला सोळा दिवस उरले होते.

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी घरीच होते, त्यामुळे निदानाचं काम माझ्याकडे आलं. मी मीटर हातात घेतला की बाबा मला प्रोफेसर म्हणत. संशय साहजिकच थ्रॉटलच्या सेन्सरवर होता. पेडलला जोडलेली केबल हवेच्या वाटेतली चकती फिरवते आणि ती किती उघडली, हे सेन्सर कॉम्प्युटरला व्होल्टमध्ये कळवतो. बंद असताना अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडी असताना साडेचार. मध्ये कुठे आकडा अडकला तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि गाडी विचार करते.

मी चकती हाताने हळूहळू फिरवली. आकडा कुठेच अडकला नाही. तरी सेन्सर बदलला. अर्थिंगची तार नवीन टाकली, थ्रॉटल धुतला, पेट्रोलचा दाब मोजला. दुसरा सेन्सर झाला, तिसरा झाला. दर वेळी मी एकटी गाडी फिरवून आणायचे आणि ती लोण्यासारखी चालायची. मग बाबा बाहेर काढायचे, आणि परत येऊन बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे.

“तुझ्यापुढे शहाण्यासारखी वागते. मला बघितलं की नखरे.”

यातलं दुसरं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. गॅरेजच्या दारावर बाबांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : ज्याची तक्रार, त्याने चालवून दाखवावी. गिऱ्हाईक चालवणार, मिस्त्री शेजारी बसणार. तीस वर्षांत हा नियम त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. घरच्या गाडीला मात्र तो लावायचा असतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

नऊ दिवस उरले तेव्हा मी त्यांना चालवायला बसवलं आणि शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. नदीकडेचा सरळ रस्ता, तोच वेग. आधी त्यांनी चालवली, मग मी. दोघांच्या वेळी सेन्सरने कळवलेल्या व्होल्टच्या दोन रेषा पडद्यावर एकाखाली एक घेतल्या.

माझी रेष एका दमात वर जात होती. बाबांची दीड व्होल्टपर्यंत चढली, तिथे थांबली, सेकंदाचा चार दशांश भाग तशीच राहिली आणि मग एकदम उसळली. दर वेळी जवळपास तसंच. सरळ रस्त्यावर, पेडल स्थिर हवं तिथे, तिच्यावर बारीक लाटा होत्या. दहा सेकंदांत एक्कावन्न. इंजिनाचा कंप म्हणावा तर तो याच्या सहापट वेगाचा असतो. रस्त्याचा म्हणावा तर तो माझ्या रेषेतही दिसायला हवा होता.

सेन्सर चांगला होता. तिन्ही चांगले होते. चकती जशी फिरत होती तशी ते सांगत होते, आणि चकती पायाप्रमाणे फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी बाबांच्या हाताकडे बघितलं. चमचा बशीवर वाजत होता. घड्याळ लावून मोजायची गरज नव्हती, पण मी मोजलं. दहा सेकंदांत पन्नासएक. मग लक्षात आलं, की कित्येक महिने आई त्यांचा कप अर्धाच भरतेय. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं. ती ओटा पुसत राहिली. म्हणाली, सांडलं की त्यांना राग येतो.

मी रेषा कागदावर छापून गॅरेजमध्ये नेल्या. त्यांच्यापुढे ठेवल्या. बाबांनी चष्मा लावला.

“वरची कुणाची?”

“माझी.”

त्यांनी खालच्या रेषेवर, ती थांबते तिथे, बोट टेकवलं. बोट तिथे टिकेना, तेव्हा त्यांनी हात कागदावरून उचलून खिशात घातला.

“पेडलची स्प्रिंग कडक असेल.”

“असेल,” मी म्हणाले. स्प्रिंग मी बदलली होती, आणि ते त्यांना माहीत होतं.

डॉक्टरांकडे जाऊ या, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी मान डोलावली. “जाऊ. हा सुटा भाग त्यांच्याकडे मिळतो का, विचार.” मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

मग त्यांनी मला गाडी सुरू करायला सांगितली. स्वतः शेजारच्या सीटवर बसले, उजवा हात मांडीखाली दाबून. मी नदीकडेच्या रस्त्यावर पेडल पूर्ण दाबलं. गाडी सुटली ती कुठेही न अडखळता. सहा वर्षांचं त्यांचं काम निर्दोष होतं. बाबा समोर बघत होते.

परत आल्यावर त्यांनी शर्यतवाल्यांना फोन लावला. पलीकडच्याने बहुधा कारण विचारलं. इंजिन अजून चालूच होतं. मिनिटाला साडेआठशे फेऱ्या, जराही वरखाली नाही.

बाबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“नाही जमणार यंदा,” ते म्हणाले. “गाडी अजून विचार करतेय.”

मी चावी फिरवून इंजिन बंद केलं.