कोपऱ्यावरचा लाल-पांढरा दगड

मी एक दगड. ताजिकिस्तान-अफगाणिस्तान सीमेवरच्या पंज नदीच्या ताजिक काठावरचा, चपटा, बेताच्या वजनाचा. अंगाला रंग लागला नसता तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

सुरुंग काढणाऱ्या तुकडीतल्या सबोहतनं मला उचललं. अर्धं अंग लाल रंगवलं, अर्धं पांढरं, आणि गावामागच्या उतारावर नेऊन ठेवलं. लाल बाजूला सुरुंग, पांढऱ्या बाजूला माणसं. लढाई संपून वीस वर्षं झाली होती, सुरुंग मात्र जिथल्या तिथं. आम्ही चाळीस दगड ओळीनं बसलो. पायवाट जिथं वळते, तो कोपरा माझा. काम एकच, जागा सोडायची नाही. तेवढंही मला जमलं नाही.

जर्दाळू वाळवायचे दिवस होते. वारा असा सुटला की छपरांवर जर्दाळू पसरलेल्या चादरी फडफडायला लागल्या. गावातली म्हातारी ओयबेगिम बीबी चादरीवर ठेवायला दगड शोधत उतारावर आली. कंबर धरलेली, जड दगड उचलवेनात. मी नेमका तिच्या नजरेत भरलो.

"एकानं काय बिघडतंय? संध्याकाळी आणून ठेवीन की," असं पुटपुटत तिनं मला काखोटीला मारलं.

खोटं कशाला बोलू, छपरावर जर्दाळूंच्या वासात मला बरं वाटलं. पण दुपारी बीबीची सून झियोदा सरपणाला निघाली. लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. सासरची वाट ती आम्हा दगडांवरूनच ओळखायची. कोपऱ्यावर मी नव्हतो, म्हणून ती वळली नाही, सरळ आत गेली. मला वरून सगळं दिसत होतं. तोंड असतं तर बोंब ठोकली असती हो!

तेवढ्यात सबोहत जेवून परतली. तिला रिकामा कोपरा दिसला, आणि पुढे झियोदाचा डोक्याचा रुमाल.

"झियोदा! आहेस तिथंच उभी राहा! पाऊल टाकलंस तर माझ्या हातचा मार खाशील!"

"अगं ताई, इथं दगड कुठाय? मला वाटलं..."

"गप्प! हलू नकोस."

गुडघ्यांवर बसून, यंत्रानं वीत वीत जमीन चाचपत सबोहत तिच्यापर्यंत गेली. दोन तास लागले. झियोदाच्या टाचेमागेच एक सुरुंग निघाला.

दोघी बाहेर आल्या तेव्हा बीबी मला छातीशी धरून रडत होती.

"बीबी, जर्दाळू उडाले तर पुढच्या वर्षी येतील," सबोहत म्हणाली.

"आणि सून उडाली असती तर?" झियोदा म्हणाली.

"तोंड बंद कर आणि आधी पाणी पी," म्हणत बीबीनं तिला घट्ट मिठी मारली.

सबोहतनं मला पुन्हा माझ्या कोपऱ्यावर बसवलं. गेल्या शरदात शेवटचा सुरुंग निघून उतार मोकळा झाला. जमीन गावाला देण्याआधी सुरुंग काढणाऱ्यांनी स्वतः तिच्यावरून चालून दाखवायचं, अशी रीत. सगळी तुकडी चालून आली, तरी गावकरी कडेलाच उभे. मग सबोहतनं माझ्या लाल अंगावर पांढरा रंग फासला. बीबी काठी टेकत पुढे आली.

"या दगडाचं मी एकदा ऐकलं नाही, आज ऐकते," म्हणाली, आणि माझ्यावरून पलीकडे गेली. मागोमाग झियोदा, मग सगळा गाव.

आता मी पूर्ण पांढरा. बीबीच्या छपरावर चादर धरून बसतो, या वेळी सबोहतला विचारून. पण तुमच्या वाटेत कुठे अर्धा लाल दगड दिसला, तर कितीही गरज असली तरी त्याला हात लावू नका. तुम्ही चुकलात तर त्याला दिसेल सगळं, पण ओरडता येणार नाही.